क्रांजीचे गुरुवार

आबा,

आज सकाळी तुमचा निळ्या चौकड्यांचा शर्ट धुवायला टाकण्याआधी मी त्याचा वास घेतला. सवय, दुसरं काय! तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले. तेरावं झालं, नातेवाइकांचे व्हिडिओ कॉल थांबले, फ्रीजमधलं शेजाऱ्यांनी दिलेलं जेवण संपलं, आणि मी अजून तुमच्या शर्टाला बिडीचा वास येतो का ते बघते आहे. आला नाही. कधीच आला नव्हता. तरी तीन वर्षं मी दर गुरुवारी हुंगत आले.

तुम्ही मला 'फौजदारीण' म्हणायचात. सुरुवातीला मला राग यायचा. मग तुमच्यासमोर नाही, पण ऑफिसात मीच ते सांगायला लागले. आंग मो किओच्या कंपनीत माझं कामच मुळी ते आहे. चिप बिघडली की ती माझ्या टेबलावर येते आणि ती खोटं कुठे बोलते आहे ते मी शोधते. मला संशय घेण्याचा पगार मिळतो. घरी आल्यावर तो डोक्यातून काढून खुंटीला टांगता येत नाही, हे नितीनला लग्नाच्या पहिल्या वर्षात कळलं आणि तुम्हाला पहिल्या आठवड्यात.

पण आज मी तुमच्याबद्दलचा संशय मांडायला बसलेले नाही. मला कबुली द्यायची आहे. तुमच्यापासून मी वर्षभर एक गोष्ट लपवली होती. तुम्हाला ती न कळताच तुम्ही गेलात असं मला तुम्हाला अग्नी दिल्याच्या दुसऱ्या सकाळपर्यंत वाटत होतं, आणि तेच मला खात होतं. आता वेगळंच काही खातं आहे. ते सांगते, पण क्रमानं सांगते. मोजणी एका टोकापासूनच करायची असते, असं तुम्हीच म्हणायचात.

सासूबाई गेल्यावर नितीनने तुम्हाला इकडे सिंगापूरला आणलं. लाँग टर्म व्हिजिट पास आला, चोआ चू कांगच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधली मागची खोली तुम्हाला दिली. आयुष्यभर साखळी घेऊन लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस बाराव्या मजल्यावर काय करणार, या काळजीत मी होते. तुम्ही मात्र आठवडाभरात ब्लॉकच्या खालची बाग पावलांनी मोजलीत आणि जेवताना जाहीर केलंत, "नकाशात दाखवलीय त्याच्याहून हात-दीड हात कमी हाय." रेवाला ते इतकं आवडलं की तिने शाळेत सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलीला असा आजोबा मिळणं ही चैनच होती.

मग गुरुवार सुरू झाले. गुरुवारी मी घरी बसून अहवाल लिहायची, म्हणून मला सगळं दिसायचं. सकाळी नऊला तुम्ही बाहेर पडायचात, बाराच्या आत परत. चपला दाराबाहेर, कुणाशी न बोलता सरळ बाथरूममध्ये. रेवा सुट्टीच्या दिवशी धावत आली तर तिला हातानं दूर ठेवायचात, "थांब, शिवू नको." अंघोळ, वर अंगावरचे कपडे धुण्यासाठी वेगळ्या बादलीत टाकणं, आणि मग हसतमुखानं बाहेर. सकाळी एकदा अंघोळ झालेली असताना! स्टेंट घातलेल्या माणसाला डॉक्टरांनी बिडी बंद केलेली. मी दोन अधिक दोन केले. हा वास धुण्याचा प्रकार आहे, असं मी नितीनला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, उकडतं इथे. करत असतील अंघोळ." रेवा तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा नेव्हर स्मोक लाह, आई. यू ऑल्वेज लाइक दॅट." मी त्या दोघांच्या भोळेपणाला हात जोडले आणि फोन उघडला.

तुमचं प्रवासाचं कार्ड माझ्या ॲपला जोडलेलं होतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं. की होतं? दर गुरुवारी तेच: चोआ चू कांगला चढले, क्रांजीला उतरले. मध्ये एकच स्टेशन. आता क्रांजीला एक म्हातारा मराठी माणूस कशाला जाईल? तेव्हा तिथे घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. बस्स. बिडी परवडली असती, असं मला झालं. सासरे परदेशात येऊन घोड्यांच्या नादी लागले, हे मी माहेरी कोणत्या तोंडानं सांगणार होते!

पुढच्या गुरुवारी मी आजारपणाची रजा टाकली आणि तुमच्या मागच्या डब्यात बसले. तोंडाला मास्क, डोक्यावर रेवाची शाळेची टोपी. तुम्ही उतरलात, रेसकोर्सकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत आणि मोठ्या रस्त्याच्या कडेनं लॉऱ्यांची धूळ खात चालत राहिलात. मग एका फाटकातून आत वळलात. मी मागोमाग वळले आणि थबकले. हिरवीगार टेकडी, तिच्यावर पायरीपायरीनं चढत गेलेले सारख्या उंचीचे पांढरे दगड, प्रत्येकावर एक नाव आणि प्रत्येकापुढे एक लहानसं झाड. वर माथ्यावर मोठाले खांब, त्यांच्यावर विमानाच्या पंखासारखं छप्पर. मागच्या महायुद्धात इथे मेलेल्या सैनिकांचं कबरस्तान. ज्यांचा देह सापडला त्यांना दगड, ज्यांचा सापडला नाही त्यांचं त्या खांबांवर नुसतं नाव.

तुम्ही एका खांबापुढे उभे होतात. हातात वही, चष्मा कपाळावर, आणि बोटानं एकेक नाव धरून ओठ हलवत वाचत होतात. मी दहा मिनिटं झाडाआडून पाहिलं. मग तुम्ही मागे न वळता म्हणालात, "ये सावलीत. ऊन लागंल."

मला अजून कळलेलं नाही तुम्हाला कधी कळलं. गाडीत? रस्त्यावर? विचारायचं राहून गेलं.

"बिडी ओढतो वाटलं व्हय?" तुम्ही विचारलंत.

"घोडे वाटले."

तुम्ही इतके हसलात की लांब गवत कापणारा माळी वळून बघायला लागला. मग म्हणालात, "मसणवट्यातनं येतो म्हणून अंघोळ करतो. लेकराला शिवायचं, घरात देव हाईत. एवढं साधं तुला सुचलं नाही?" नाही सुचलं, आबा. पुण्यात वाढलेली मी, मयताला जाऊन आल्यावर अंघोळ करतात हे मला पक्कं ठाऊक होतं. पण आमच्या सोसायटीशेजारच्या मॉलला जावं तसं कुणी दर आठवड्याला मसणात जात असेल, हे डोक्यातच आलं नाही.

पायऱ्यांवर बसून तुम्ही मला जे सांगितलंत ते तुम्ही नितीनलाही कधी पूर्ण सांगितलं नव्हतं. तुमचे वडील पलटणीत होते आणि तुम्ही पोटात असताना ते बोटीनं सिंगापूरला आले. मग सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. घरी एक कागद आला, बेपत्ता म्हणून. नंतर दुसरा आला की नाही, आला तर कुणी ठेवून घेतला, हे कुणी बोललं नाही. गावातला दुसरा एकजण लढाईनंतर परत आला आणि त्याने पारावर सांगितलं की तुमचा बाप रबराच्या मळ्यात बाई ठेवून राहिला आहे, मजेत आहे. खरं की खोटं? लोकांना ते खरं असलेलं जास्त आवडलं. तुमच्या आईनं, सोनाबाईंनी, कुंकू पुसलं नाही. बेपत्ता माणूस मेला असं कुणी सांगितलं नव्हतं. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या आणि एकमेकींकडे बघायच्याही. काही बोलवायच्याच नाहीत. म्हातारी होऊन ती गेली तेव्हा भाऊबंद म्हणाले, आता तरी पांढऱ्यात न्या. तुम्ही एकटे नडलात. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, ओटी भरून, सवाशीण म्हणूनच तिला नेलीत.

"आता इथं नाव सापडलं," तुम्ही खांबाकडे हात केलात, "तर बाप पळाला नव्हता, लढून मेला. पण मग आईचं कुंकू सगळा जन्म खोटं. आणि नाही सापडलं तर कुंकू खरं, पण तो दुसऱ्या बाईकडं. दोन्हीकडनं माझी आईच हरती की गं."

त्या खांबांपासून जवळच एक कपाट आहे आणि त्यात नावांची जाडजूड रजिस्टरं ठेवलेली असतात. कुणीही उघडावीत, आडनाव काढावं, दोन मिनिटांचं काम. हे मी तुम्हाला उत्साहानं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ठाऊक हाय." मग म्हणालात, मोजणी एका टोकापासून करायची, मधनं उडी मारली की चुकती. म्हणून तुम्ही इंग्रजांपासून, ऑस्ट्रेलियनांपासून, पहिल्या खांबाच्या पहिल्या नावापासून वाचत होतात. एका गुरुवारी जेवढं डोळ्यांना झेपेल तेवढं. त्यानंतर दर गुरुवारी घरी येऊन तुम्ही मला सांगायचात, "आजचा रिकामा." म्हणजे आणखी एक आठवडा आई सवाशीण.

मला ते पटलं नाही. मी तिथेच भांडले. मी म्हणाले, "आबा, ही पळवाट आहे. माणसाला खरं काय ते कळायला हवं." तुम्ही म्हणालात, "तुला हवं. तू फौजदारीण." हा वाद आपण पुढे दीड वर्ष घातला, भाजी निवडताना, लिफ्टची वाट बघताना, रेवाला शाळेच्या बसपाशी सोडून येताना. एकदाही मिटला नाही.

क्रांजीच्या किनाऱ्यावर गेलो होतो तो रविवार आठवतो? रेवाच्या शाळेची सहल तिथे झाली होती, म्हणून तिने आपल्याला हट्टानं नेलं. लढाईची जागा म्हणून राखून ठेवलेली, फलक लावलेला, समोर अरुंद खाडी आणि पलीकडे मलेशियाच्या इमारती. रेवा फलक वाचून दाखवत होती, "आजोबा, द एनिमी केम फ्रॉम देअर, बाय बोट, यू नो." लोक फोटो काढत होते. तुम्ही मात्र पँट वर दुमडून पावलं टाकायला लागलात. पाण्यापासून झाडीपर्यंत किती, झाडीतून रस्त्यापर्यंत किती. खारफुटीचा चिखल काठीनं ढोसून पाहिलात. तासाभरानं घामेघूम होऊन आलात आणि माझ्याजवळ हळूच म्हणालात, "पळायला जागाच नाही गं. पुढं पाणी, मागं दलदल. ह्यातनं कोण पळून मळ्यात जाईल?" मी म्हणाले, ते इथेच होते कशावरून? बेटावर दुसरीकडेही लढाया झाल्या. तुम्ही काठी टेकून उभे राहिलात. "तेबी खरंच," म्हणालात. असं बोलायला नको होतं मी. तुम्हाला तेवढा एक रविवार द्यायला हवा होता.

आता कबुली.

गेल्या वर्षी जूनमध्ये, एका मंगळवारी, ऑफिसातून लवकर सुटले आणि घरी न येता क्रांजीला उतरले. कशाला? मला तुमचा संशय आला होता. तुम्ही नाव आधीच पाहिलं आहे आणि आम्हाला झुलवत आहात, असं मला वाटायला लागलं होतं. इतकं सावकाश कुणी वाचतं का! मी कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, आडनावावर आले. आपल्या आडनावाचे ओळीनं कितीतरी. बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. तुमच्या वडिलांचं नाव. त्यांच्या वडिलांचं नाव. आपल्या गावाचं नाव, आपण पासपोर्टवर लिहितो त्याहून जरा वेगळं, पण तेच. आणि त्यापुढे, आबा, इंग्रजीत छापलेलं: सोनाबाईचे पती.

मी तिथे फरशीवर बसले. गावानं जिच्याकडे आयुष्यभर वाकड्या नजरेनं पाहिलं त्या बाईचं नाव समुद्रापार एका पुस्तकात, नवऱ्याच्या नावाला लागून, छापलेलं होतं. पळून गेलेल्या माणसाची बायको म्हणून नव्हे. मी खांबाचा आकडा पाहिला आणि तो खांबही जाऊन पाहिला. नाव बरंच वर होतं. तुमच्या वाचनाला तिथे पोचायला अजून चार-पाच महिने लागणार होते.

माणसाला खरं काय ते कळायला हवं, असं म्हणणारी मी. घरी आले तेव्हा तुम्ही रेवाला पतंग चिकटवून देत होतात. भिंतीला खिळा ठोकायची घरमालकाची परवानगी नाही म्हणून पुस्तकांच्या कपाटावर टेकून ठेवलेला तुमच्या आईचा फोटो, त्याच्या काचेवर तुम्ही सकाळी लावलेलं कुंकू. मला बोलवेना. उद्या सांगू म्हटलं. गुरुवारी तुम्ही परत आलात, अंघोळ करून पाटावर बसलात आणि ताटाकडे बघत विचारलंत, "तू गेलीवतीस का तिकडं?"

"कुठे?"

"क्रांजीला."

"नाही हो. मला कुठे वेळ!"

तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघितलंत. "बरं," म्हणालात आणि वरणभात कालवला.

त्या दिवसापासून मी बदलले. तुमच्या शर्टाचा वास घेणंही थांबवलं. (मी मघाशी तीन वर्षं म्हणाले, ते खोटं. जूनपासून मी ते बंद केलं होतं, तुम्ही गेल्यावर परत सुरू झालं.) ॲप बघणं सोडलं. गुरुवारी तुम्हाला डबा द्यायला लागले. तुम्ही म्हणालात, "काय गं, एवढी गोड का वागायला लागलीस? काय मागायचंय?" मी हसण्यावारी नेलं.

आणि एक वाईट काम केलं. त्याच महिन्यात तुमचे डोळे दाखवले होते. डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुढच्याच महिन्यातली तारीख दिली. ते इंग्रजी भरभर बोलत होते, तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत, आणि मी सांगितलं, "आबा, अजून पिकला नाही म्हणतात. पुढच्या वर्षी बघू." डोळे साफ झाले असते तर तुम्ही ते वरचं नाव वाचलं असतं. म्हणून मी तुम्हाला वर्षभर धुक्यात ठेवलं. रेवाचा चेहरा तुम्हाला धूसर दिसायचा, ताटातला खडा दिसायचा नाही. तुम्ही मला एकदाही घाई केली नाहीत. "पिकू दे सावकाश," म्हणायचात.

नोव्हेंबरात तुमचं वाचन त्या खांबाशी आलं. मला आकडा पाठ होता. त्या गुरुवारी मी दोनदा साखर घालून चहा बिघडवला. तुम्ही आलात, अंघोळ केलीत, बसलात. "आजचा रिकामा," म्हणालात. मी देवाचे आभार मानले. आणि मोतीबिंदूचे.

त्यानंतर तुम्ही सहा महिने पुढचे खांब वाचत राहिलात. दर गुरुवारी रिकामा. मग एका सकाळी तुम्ही चहाचा कप ठेवलात आणि परत उचलला नाहीत.

मंडाईच्या स्मशानात तुम्हाला अग्नी दिला. त्या दिवशी घाईत नितीनच्या मिशीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पुण्याहून त्याच्या काकूंनी व्हिडिओवर पाहिलं आणि चिडल्या, बाप गेला आणि मिशी तशीच? दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला ब्लॉकखालच्या सलूनमध्ये घेऊन गेले. तोच तमिळ न्हावी, मलेशियाहून रोज येणारा, तुमचा दोस्त. नितीनने खुणेनं मिशी आणि डोकं दाखवलं. न्हाव्यानं विचारलं, कोण गेलं? नितीन म्हणाला, फादर. न्हाव्याच्या हातातली कात्री थांबली.

"अय्यो. अंकल?" त्यानं कात्री खाली ठेवली. मग नितीनच्या मानेभोवती कापड बांधता बांधता म्हणाला, "लास्ट इयर अंकल ऑल्सो सेम. कम हियर, से टेक आउट ऑल. आय से व्हाय, अंकल, सो नाइस मुस्टॅश. ही से, माय फादर पास अवे." त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "अवर साइड ऑल्सो लाइक दॅट, फादर गो मस्ट शेव्ह. बट आय थिंक, वा, अंकल ऑलरेडी सो ओल्ड, हिज फादर हाऊ ओल्ड आह? डोन्ट डेअर आस्क लाह."

मला ती मिशी आठवली. जूनचा शेवट. ती पांढरी, टोकं वळवलेली, तुम्ही रोज खोबरेल लावायचात ती मिशी. डोक्यावर तर केस नव्हतेच. तुम्ही सलूनमधून कोरे ओठ घेऊन आलात आणि म्हणालात, "त्यानं एक बाजू आखूड केली, म्हटलं आता दुसरी बी घालव." रेवा खिदळली. मीही हसले. त्यानंतर दहा दिवस तुम्ही खाली चटईवर झोपलात, पाठ धरली आहे म्हणून. एकवेळच जेवलात, पोट जड आहे म्हणून. देवांना पूजा नाही, वाकवत नाही म्हणून. आईच्या फोटोला कुंकू तेवढं रेवाकडून लावून घेतलंत. अकराव्या दिवशी पाठ बरी झाली आणि तुम्ही पुन्हा स्वतः लावायला लागलात.

बाप गेल्यावर मराठी माणूस काय करतो हे मला ठाऊक नव्हतं का? कुणाही दुसऱ्या माणसाची मिशी अशी उतरली असती तर मी त्याच्या सात पिढ्या तपासल्या असत्या. पण तेव्हा मी तुमच्यावर संशय घेणं सोडलं होतं. आयुष्यात एकदाच तुमच्यावर पूर्ण विश्वास ठेवला, आबा, आणि नेमके तेव्हाच तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. एकदा नाही, वर्षभर, दर गुरुवारी.

कसं कळलं तुम्हाला? मी तिकडे गेल्याचं माळ्यानं सांगितलं असेल, पण नाव सापडल्याचं मी संशय घेणं थांबवलं त्यावरूनच ना? फौजदारीण अचानक गोड वागते म्हणजे तिला गुन्हेगार सापडला, एवढं तुम्ही ओळखलंत. मग पुढच्या गुरुवारी मोजणीचा नियम मोडलात आणि कपाट उघडलंत. त्या डोळ्यांनी बारीक छापलेलं वाचलंत कसं? माळ्याला विचारलंत का? आणि नवऱ्याच्या नावापुढे तुमच्या आईचं नाव आहे, ते त्यानं वाचून दाखवलं ना तुम्हाला? एवढंच मला हवं आहे. बाकी सगळं तुम्ही माझ्यापासून लपवलंत तरी चालेल, पण तेवढी एक ओळ तुम्ही पाहिली असावी.

मला तुमचा राग येतो. मोतीबिंदू पिकला आहे हे स्वतःच्या डोळ्यांवरून तुम्हाला माहीत होतं, मी का खोटं बोलते तेही माहीत होतं, आणि तुम्ही माझ्या खोटेपणाला सोबत म्हणून धुक्यात बसून राहिलात. एकदा म्हणायचं होतं, वृंदा, मला कळलंय, चल डोळे करून घेऊ. दोघं मिळून रडलो असतो. पण मग ते बोललं गेलं असतं. बोललं गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काचेवर कुंकू लावताना तुमचा हात अडखळला असता. वडिलांचं सुतक तुम्ही एकट्यानं फेडलंत आणि आईचं कुंकू राखलंत. दोन्हीकडून ती हरते म्हणायचात. तुम्ही तिला दोन्हीकडून जिंकवलीत आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नाहीत.

सलूनमधून वर येताना लिफ्टमध्ये नितीनने विचारलं, "हे काय म्हणत होता तो? आबांचे वडील?" कोऱ्या चेहऱ्यानं तो तुमच्यासारखाच दिसत होता. मी म्हणाले, "त्याचा काहीतरी घोळ झाला असेल. दुसऱ्या कुणाचं सांगत असेल." तो थकलेला होता. त्याला ते पटलं.

आज शर्ट धुवून झाल्यावर मी तुमचा फोटो कपाटावर मांडला, तुमच्या आईच्या शेजारी. रेवा अंघोळ करून आली, दोन वाट्या घेतल्या. तुमच्या काचेवर तिनं गंधाचं बोट टेकवलं. मग दुसऱ्या फोटोपाशी थांबली.

"आई, पणजीला रेड वन, राइट? नॉट लाइक आजोबा?"

"हो. पणजीला कुंकू."

"व्हाय आह? शी ऑल्सो पास अवे, व्हॉट."

मी तिच्या हातातली कुंकवाची वाटी धरली, सांडू नये म्हणून.

"कारण आजोबांनी सगळे खांब वाचले," मी म्हणाले. "पणजोबांचं नाव कुठेच नव्हतं."